कोंबडीमांस प्रक्रिया कारखान्यातील कामगारांचे वेतन, कामाचे तास आणि दुखापती : सांगली-सातारा भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतून कामाला जाणाऱ्या बायाबापड्यांनी आणि बिहार-झारखंडहून आलेल्या तरुणांनी आम्हाला विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्नच घेतले असून, नाव, गाव आणि कारखाना ओळखू येईल असा तपशील वगळला आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी कोंबड्या कापून पॅकिंग करणाऱ्या कारखान्यात आहे. आम्हाला कोणता कायदा लागतो?

यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यात २० किंवा त्याहून अधिक कामगार असतील, तर तो कायद्याच्या भाषेत ‘कारखाना’ ठरतो. पूर्वी १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या असून वेतन, सामाजिक सुरक्षा, औद्योगिक संबंध आणि कामाच्या जागेची सुरक्षितता हे विषय आता त्यांत आहेत. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, त्यामुळे ‘जुना कायदा गेला, नवा अजून आला नाही’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. कामगारसंख्या मोजताना ठेकेदाराकडची माणसेही धरली जातात. वीसपेक्षा कमी जण असतील तर प्रश्न १५ पाहावा.

२. आमचा किमान पगार किती असायला हवा?

महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनुसार ठरते. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी व १ जुलै रोजी, बदलतो. म्हणून येथे रक्कम छापण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चालू सहामाहीचा दर विचारावा आणि विचारताना आपले नेमके काम सांगावे. सुरीने सांधा सोडवून मांस वेगळे करणाऱ्या बाईला वर्षानुवर्षे ‘हेल्पर’ म्हणून अकुशल दर दिला जातो, हे आम्ही वारंवार पाहतो. सुरीचे काम शिकायला महिने लागतात, नवख्याच्या हातून माल वाया जातो आणि म्हणूनच मुकादम जुन्या बाईला साखळीवरून, म्हणजे पक्षी टांगून पुढे सरकवणाऱ्या यंत्राच्या रांगेवरून, हलू देत नाही. ज्या कामाला कारखाना कौशल्य मानतो, त्याचा दरही कौशल्याचाच मागावा.

नगावर किंवा किलोवर काम असले तरी दिवसाची कमाई किमान वेतनाखाली जाता कामा नये.

३. सकाळी सात ते संध्याकाळी सात काम करतो आणि महिन्याला १२,००० मिळतात. हे बरोबर आहे का?

नाही. कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा. त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर द्यावा लागतो.

हिशेब करून पाहू. २६ दिवसांचे १२,००० म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला सुमारे ५७ रुपये ६९ पैसे. बारा तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा केला तरी रोज साडेतीन तास जादा काम होते. महिन्याला ते ९१ तास भरते आणि दुप्पट दराने त्याचे १०,५०० रुपये होतात. म्हणजे हातात १२,००० पडतात तेव्हा जवळपास आणखी एक पगार कारखान्यात राहून जातो. पुढच्या वर्षी पगार पाचशेने वाढेल का, अशी काळजी करणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा तरी कागदावर मांडून पाहावा.

जादा कामालाही मर्यादा आहे. राज्यात ती तिमाहीला ११५ तास होती आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ करण्यास मान्यता दिली. वरच्या उदाहरणात तीन महिन्यांचे २७३ तास होतात, म्हणजे दोन्ही मर्यादा ओलांडल्या जातात. त्याच निर्णयात दिवसाचे तास बारापर्यंत नेण्याचाही विषय होता, म्हणून काही सुपरवायझर ‘आता बारा तास कायदेशीर झाले’ असे सांगतात. मात्र आठवड्याचे ४८ तास आणि जादा कामाचा दुप्पट दर या दोन गोष्टी त्याने रद्द होत नाहीत.

४. पक्ष्यांची गाडी आली नाही म्हणून गेटवरून परत पाठवतात आणि खाडा लावतात. त्या दिवसाचा पगार मिळतो का?

मिळतो. तुम्ही कामाला हजर आहात, काम करायची तयारी आहे आणि मालकानेच काम दिले नाही, तर वेतन संहितेनुसार पूर्ण दिवसाचे वेतन देय आहे. गाडी दुपारी आली आणि तोवर तुम्हाला शेडमध्ये बसवून ठेवले, तर तो वेळही कामाचाच धरायचा. अडचण एवढीच की गेटवरून परतलेल्या माणसाची नोंद कोणत्याच रजिस्टरात होत नाही. ती तुम्ही कशी करावी, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. गमबूट, हातमोजे, अ‍ॅप्रन आणि मेडिकलचे पैसे पगारातून कापतात. कापू शकतात का?

कामगाराच्या सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी मालकाने जे पुरवायचे आहे, त्याचा एक रुपयाही कामगाराकडून घेता येत नाही. व्यावसायिक आजार शोधण्यासाठी केलेल्या तपासणीलाही हाच नियम आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करणे हे अन्न सुरक्षा परवान्याखाली कारखान्याचे कर्तव्य आहे. ती ग्राहकाच्या रक्षणासाठी असते, तिचा भार कामगाराच्या खिशावर टाकणे अन्यायाचे आहे.

‘माल खराब केला’ म्हणून दंड करायचा असेल तर आधी तुमचे म्हणणे ऐकावे लागते आणि दंड त्या वेतनकाळातील वेतनाच्या तीन टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. सगळ्या कपाती मिळून निम्म्याहून अधिक पगार कापता येत नाही. खोलीभाड्याची कपात केवळ मालकाने खरोखर पुरवलेल्या निवाऱ्यासाठी होऊ शकते. एका खोलीत बारा जण झोपवून बाराही जणांकडून पूर्ण भाडे वसूल केल्याच्या तक्रारी आमच्याकडे येतात, अशा वेळी किती जण राहतात आणि प्रत्येकाचे किती कापले हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्यांनिशी कामगार कार्यालयात द्यावे.

६. कंपनी म्हणते ‘तुम्ही ठेकेदाराचे’, ठेकेदार म्हणतो ‘कंपनीने बिल दिले नाही’. पगार मागायचा कोणाला?

आमच्याकडे सर्वाधिक वेळा आलेला हा प्रश्न आहे आणि या धंद्यातली निम्मी दुखणी त्यातच आहेत.

ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम झाले त्याच्यावर येते. त्याने आधी तुम्हाला द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा, प्रथमोपचार या सोयीही मुख्य मालकानेच पुरवायच्या आहेत. त्यामुळे मागणीचा अर्ज दोघांच्या नावे करावा, एकट्या ठेकेदाराच्या नावे कधीही करू नये. आज टेम्पोभर माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराचा फोन उद्या बंद लागतो, पण गेटवरची पाटी जागेवरच असते.

नव्या संहितेत कारखान्याच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे. साफसफाई, सुरक्षारक्षक, उपाहारगृह, मालाची चढउतार ही कामे सहसा मुख्य धरली जात नाहीत. पक्षी टांगणे, कापणे, आतडी काढणे, तुकडे करणे हे मात्र अशा कारखान्याचे मुख्य काम आहे, यात आम्हाला शंका वाटत नाही. या मनाईला अपवाद आहेत. ते काम एरवीही ठेकेदारामार्फतच चालत असेल, पूर्ण दिवसाचे नसेल किंवा अचानक वाढले असेल तर सूट मिळते. मालक बहुधा पहिल्या अपवादाचा आधार घेतात.

हे बदलू शकते याचे उदाहरण जर्मनीत आहे. जून २०२० मध्ये तेथील रेडा-वीडनब्रुक येथील एका मोठ्या मांस कारखान्यात दीड हजारांवर कामगारांना कोरोनाची लागण झाली. पूर्व युरोपातून उपठेकेदारांनी आणलेली ही माणसे दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होती. त्यानंतर तेथे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कारखान्यांत कत्तल आणि काटछाटीची कामे ठेक्याने देण्यावर बंदी आली. कारखाने बंद पडले नाहीत. हजारो माणसे थेट कारखान्याच्या पटावर आली.

७. नेमणूकपत्र नाही, पगार रोख मिळतो, हजेरी ठेकेदाराच्या वहीत. मी तेथे काम करतो हे सिद्ध कसे करू?

प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे, ते लेखी मागावे. ते मिळेपर्यंत स्वतःची वही ठेवावी. रोजची तारीख, गेटवर आल्याची आणि सुटल्याची वेळ, विभाग, सुपरवायझरचे नाव आणि मिळालेली रक्कम एवढे पुरे. वही शाईने आणि त्या त्या दिवशीच लिहावी. महिन्याअखेरीस एका बैठकीत भरलेली वही चटकन ओळखू येते. याशिवाय गेटपास, तपासणीचा कागद, ठेकेदाराचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘उद्या सहाला या’ असे संदेश, कर्मचारी राज्य विमा आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, सोबत काम केलेल्या दोघांची साक्ष, या सगळ्याला किंमत आहे.

वेतन दिले की नाही असा वाद उभा राहिला तर ‘दिले’ हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. तुम्हाला काम केल्याचे दाखवावे लागते, पैसे दिल्याचे त्याने दाखवायचे. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

८. सकाळी उठल्यावर बोटे उघडत नाहीत. डॉक्टर गोळ्या देतात आणि काम बदला म्हणतात. हा कामामुळे झालेला आजार आहे का?

बहुतेक वेळा होय. तुकडे करण्याच्या विभागात तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास ठेवतात, हात ओले असतात, मांस बर्फातून आलेले असते आणि मनगटाची तीच वळवण एका पाळीत हजारो वेळा होते. थंडीत स्नायू आखडतात, सुरी बोथट असेल तर दाब वाढतो, आणि मनगटातून जाणारी नस दबून अंगठा व शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येऊ लागतात. दुसरा प्रकार बोटाच्या स्नायुबंधाचा. आमच्याशी बोलायला आलेल्या एका ताईंनी डाव्या हाताने उजव्या हाताचे मधले बोट धरून सरळ करून दाखवले. ते ‘टक’ आवाज करून सुटले, आणि सोडताच पुन्हा अर्धे मिटले. रोज पहाटे भाकरी थापण्याआधी त्या असेच पाची बोटे एकेक करून सोडवतात.

मुंग्या नव्या असतील तर कामातला बदल, दर तासा-दोन तासांनी थोडी विश्रांती, धारदार सुरी आणि रात्री मनगटाला पट्टी यांनी पुष्कळ फरक पडतो. अंगठ्याच्या मुळाशी मांस झिजून खळगा दिसू लागला असेल तर वाट पाहू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. डॉक्टरांना ‘हात दुखतो’ एवढेच न सांगता काम काय, किती तास आणि किती वर्षे, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

याच कामातले इतर नेहमीचे त्रास म्हणजे गमबुटात साचलेल्या पाण्याने होणाऱ्या चिखल्या, क्लोरीनच्या पाण्याने सोलवटणारी कातडी, आणि टांगणीच्या विभागात पिसांच्या धुळीने लागणारी धाप.

९. पाळीत लघवीला जाऊ देत नाहीत. तक्रार करण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे का?

मोठी आहे. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, गरोदरपणात गुंतागुंत असे त्रास ओढवतात. स्वच्छतागृह पुरवणे याचा अर्थ ते वापरू देणे असाच होतो. साखळीवर एक जादा माणूस ठेवला की आळीपाळीने सगळ्यांना जाता येते. हे पैशांचे आणि इच्छेचे काम आहे, यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही. तोंडी सांगून उपयोग झाला नसेल तर पाच-सहा जणींनी मिळून लेखी अर्ज द्यावा, म्हणजे एकीवर रोष येत नाही.

१०. साखळीचा वेग किती असावा याला काही नियम आहे का?

पक्ष्यांची साखळी मिनिटाला किती चालावी, असा आकडा आपल्याकडच्या कामगार कायद्यात नाही. अमेरिकेत बहुतेक मोठ्या कारखान्यांना मिनिटाला १४० पक्ष्यांची मर्यादा आहे आणि काहींना सवलत देऊन १७५ पर्यंत जाऊ दिले आहे. मात्र ती मर्यादा मांसाची तपासणी करणारे कृषी खाते ठरवते, कामगाराच्या मनगटाचा विचार तिच्या मुळाशी नाही.

तरीही मार्ग आहे. दुखापत किंवा आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. वेग वाढवला आणि माणसे तेवढीच ठेवली, की जखमा वाढतात. त्या वाढल्याच्या तारखा तुमच्या वहीत असतील तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करताना तुमच्या हाती ठोस आधार असतो. तीनशे कोंबड्यांची जादा गाडी आली म्हणून दुपारी तीनला साखळी वाढवली आणि चारला दोघींची बोटे कापली, अशी एक ओळ अर्जातल्या चार पानांपेक्षा अधिक सांगते.

११. कामात बोट तुटले. भरपाई किती मिळते आणि कोण देते?

आधी हे पाहावे की तुमचा कर्मचारी राज्य विमा आहे का. दहा किंवा अधिक कामगार आणि महिना २१,००० पर्यंत वेतन असेल तर तो लागू होतो. कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. विमा असेल तर उपचार मोफत, बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम आणि कायमचे अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतन मिळते. पगारातून हिस्सा कापला पण भरला नाही, तरी तुमचा हक्क बुडत नाही, ती वसुली मालकाकडून होते.

विमा लागू नसेल तर भरपाई थेट मालकाने द्यायची. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे कायदा मानतो, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के आणि तर्जनीचे एक पेर गेले तर ९ टक्के. वय ३० आणि वेतन १२,००० असेल तर वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला वयाच्या गुणकाने, २०७.९८ ने, गुणायचे आणि आलेल्या रकमेचे १४ टक्के काढायचे. तर्जनीसाठी हे सुमारे २,०९,६०० रुपये होतात. दवाखान्याचे बिल भरून वर दहा हजार हातावर ठेवणे आणि ‘तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेणे, हा प्रकार सर्रास चालतो. अशी सही करू नये. केली असली तरी हक्क संपला असे मानू नये, कारण कायदेशीर भरपाई सोडून देण्याचा करार टिकत नाही.

‘चूक तुझीच होती, लक्ष नव्हते’ या सबबीने भरपाई नाकारता येत नाही. नशेत असणे, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा नियम मुद्दाम मोडणे, किंवा सुरक्षिततेचे साधन मुद्दाम काढून टाकणे हे अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तेही लागू होत नाहीत.

१२. रात्रपाळी संपवून ठेकेदाराच्या टेम्पोतून घरी येताना अपघात झाला. तो कामावरचा अपघात धरतात का?

घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जातो. विमा असो वा नसो, हे लागू आहे. मधेच पाहुण्यांकडे वाट वाकडी केली असेल तर वाद उद्भवतो. पोलीस पंचनाम्यात ‘पाळी संपवून परतताना’ हे शब्द यायलाच हवेत. भरपाईचा हिशेब प्रश्न ११ प्रमाणे.

१३. शीतगृहातून कधी कधी उग्र वास येतो आणि डोळे झोंबतात. सुपरवायझर म्हणतात, सवय होईल. धोका आहे का?

तो वास बहुधा अमोनियाचा आहे आणि त्याची सवय होऊ देता कामा नये. मोठ्या शीतयंत्रणेत हा वायू वापरतात. तो डोळे, घसा आणि फुप्फुसे भाजतो आणि विशिष्ट प्रमाणात हवेत मिसळला तर पेटही घेतो. वास येताच वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे, डोळे झोंबले तर भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावेत.

याहून महत्त्वाचे आहेत दरवाजे. ३ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील हॅम्लेट गावच्या कोंबडी कारखान्याला आग लागली तेव्हा दरवाजे बाहेरून बंद होते आणि २५ कामगार मेले. ३ जून २०१३ रोजी चीनच्या जीलिन प्रांतात अशाच एका कारखान्यात शंभराहून अधिक जण मेले. तेथेही दरवाजे बंद होते आणि अमोनियाचे स्फोट झाले. माल चोरीला जाऊ नये म्हणून पाळीत दाराला कुलूप घालण्याची पद्धत आपल्याकडेही ऐकू येते. असे कुलूप दिसले तर पगाराचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी सुरक्षा संचालनालयाला कळवावे. गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कायद्यानेच कामगाराला दिला आहे.

रात्री यंत्रे धुणाऱ्यांनी वीजपुरवठा तोडून बटणाला कुलूप लावल्याशिवाय साखळीत हात घालू नये.

१४. घरच्या लग्नासाठी ठेकेदाराकडून उचल घेतली. फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, असे तो म्हणतो. खरे आहे का?

खोटे आहे. ऊसतोडीमुळे उचल हा शब्द आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की तिच्यातली जबरदस्ती दिसेनाशी होते. घेतलेली रक्कम हा दिवाणी व्यवहार आहे. तिच्यापोटी माणसाला अडकवून ठेवणे, आधार कार्ड किंवा एटीएम कार्ड काढून घेणे, घरी जाऊ न देणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्ह्यात मोडते, आणि त्याची दखल घेण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेत. परप्रांतातील मुलांच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण त्यांना बोलायला जवळचे कोणी नसते. त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या स्थानिकांनी अर्ज दिला तरी चालतो.

१५. आमच्या युनिटमध्ये आठच जण आहेत. मग आम्हाला काहीच लागू नाही का?

किमान वेतन, वेळेवर वेतन, बेकायदा कपातीला मनाई आणि थकीत वेतनाचा दावा या गोष्टींना कामगारसंख्येची अट नाही. चिकनच्या दुकानातला एकटा कामगारही त्यात येतो. अपघाताची भरपाईही मिळते, केवळ विम्याऐवजी ती मालकाकडून घ्यावी लागते. चौदा वर्षांखालील मुलाला कोठेही कामाला ठेवता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दहा किंवा अधिक जण असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी.

एक खबरदारी मात्र घ्यावी. एकाच आवारात तीन नावांनी तीन ‘युनिट’ दाखवून प्रत्येकात पंधरा-सोळा जण ठेवल्याची उदाहरणे आहेत. वीजमीटर, गेट, सुपरवायझर आणि शीतगृह एकच असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे तपासणी करणारा अधिकारी त्यांना एकच कारखाना मानू शकतो.

१६. तक्रार केल्यावर कामावरून काढले तर? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

काढल्यास किंवा स्वतः सोडल्यास उरलेले सर्व वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. काढण्याविरुद्ध एकटा कामगारही वाद उपस्थित करू शकतो, त्यासाठी संघटना असावीच लागते असे नाही. वकिलाच्या खर्चाबाबत सांगायचे तर औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. जाताना प्रश्न ७ मध्ये सांगितलेली वही, मिळाल्या असतील त्या वेतनचिठ्ठ्या आणि मुख्य मालक व ठेकेदार या दोघांची नावे व पत्ते सोबत न्यावेत.